प्रयोगशाळेतील चुंबकीय पुनर्जोडणी
सौरज्वालेसारखी हजारो किलोमीटर पसरणारी घटना खोलीत मावणाऱ्या यंत्रात कशी तपासणार, ही शंका कुणालाही येईल आणि ती रास्त आहे. मात्र अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या एमआरएक्स (मॅग्नेटिक रिकनेक्शन एक्सपेरिमेंट) या यंत्रात 1995 पासून नक्कल झाली ती सूर्याची नव्हे, तर विरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा जिथे तुटून नव्याने जुळतात, म्हणजे पुनर्जोडणी होते, त्या विद्युतप्रवाहाच्या पातळ पापुद्र्याची. दोन कड्यांच्या आत बसवलेल्या तारांच्या वेटोळ्यांतला प्रवाह घटवला की कड्यांच्या मधल्या प्लाझ्मात (विद्युतभारित कणांच्या वायूत) हा पापुद्रा तयार होतो. कणांच्या टकरी भरपूर असताना मोजमापे, थोड्या दुरुस्तीनंतर, पुनर्जोडणीचा वेग सांगणाऱ्या स्वीट-पार्कर या सैद्धांतिक प्रतिमानाशी जुळली. टकरी विरळ होताच पुनर्जोडणीचा वेग वाढला आणि आयन व इलेक्ट्रॉन यांच्या वाटा वेगळ्या झाल्याची खूण असलेले चार पाकळ्यांचे चुंबकीय क्षेत्र मोजता आले. खोलीतल्या यंत्रातही पुनर्जोडणी तपासता येते याचा माझ्या मते हाच सर्वांत ठोस पुरावा आहे.