मदत हवी आहे: काचेत मंदावलेल्या प्रकाशाला बाहेर पडल्यावर वेग कोण परत देतं?

नमस्कार मंडळी,

मी ऑप्टिकल फायबर (प्रकाशावर डेटा नेणारी काचेची तार) टाकण्या-जोडण्याच्या कामात आहे. केबल तुटली की ओटीडीआर (तूट शोधायचा मीटर) लावायचा, तूट किती किलोमीटरवर आहे ते बघायचं आणि माणसं पाठवायची, हा रोजचा उद्योग. मीटर फायबरमध्ये प्रकाशाचा पल्स सोडतो, तो तुटल्या टोकावरून परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि अंतर काढतो. त्यासाठी त्याला काचेतला वेग कळायला हवा, म्हणून आयओआर, म्हणजे काचेत प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा, भरायचा. आमच्या केबलला १५५० नॅनोमीटरवर तो १.४६८ आहे. निर्वातातल्या २,९९,७९२ किमी प्रति सेकंदाला त्याने भागलं की साधारण २ लाख ४ हजार येतात. कुणी तिथे १.५०० ठेवून दिला, तर १२ किलोमीटरवरची तूट मीटर अडीचशे मीटर अलीकडे दाखवतो आणि खड्डा भलत्याच शेतात पडतो. इथवर माझं ठीक आहे.

पुतणी दहावीत आहे. अपवर्तनाचा धडा वाचता वाचता तिने विचारलं, "काका, काचेत प्रकाश हळू झाला हे पटलं, पण बाहेर पडल्या पडल्या परत तेवढाच वेग कसा घेतो? ढकलतं कोण?" नेटवर बघितलं तर सगळीकडे एकच उत्तर: अणू प्रकाश गिळतात, जरा थांबून परत सोडतात, म्हणून उशीर होतो. मला ते पचत नाही. अणूने सोडलेला प्रकाश वाटेल त्या दिशेला जाईल ना? मग माझा पल्स शंभर किलोमीटर नीट जातो कसा?

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. विजेच्या टॉवर लाइनच्या अर्थवायरमध्येही (अर्थिंगच्या तारेत) फायबर असतं. तिथल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राने प्रकाशाचा वेग बदलतो का?

प्रतिसाद १

'गिळतो आणि सोडतो' हे उत्तर फार पसरलंय, पण तुमची शंका रास्त आहे. तसं असतं तर काच पारदर्शकच राहिली नसती.

प्रकाश म्हणजे हलतं विद्युतक्षेत्र. काचेत शिरल्यावर ते तिथल्या इलेक्ट्रॉनांना त्याच वारंवारतेने हलवतं. हलणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःची बारीकशी लाट सोडतो. मूळ लाट आणि या असंख्य लाटा यांची बेरीज पुढच्या दिशेला टिकते, बाजूंना एकमेकींना जवळजवळ पुसून टाकते. त्या बेरजेची लाट थोडी मागे पडत जाते, आणि आपण जो मोजतो तो तिचाच वेग. काच संपली की बेरजेत भर घालणारे इलेक्ट्रॉन संपले. कुणी ढकलायची गरजच नाही, कारण कुणी ब्रेक लावलेला नव्हता.

ऊर्जेचं म्हणाल तर वारंवारता काचेत आणि हवेत तीच राहते, म्हणून फोटॉनची ऊर्जाही तीच. आखडते ती तरंगलांबी. हवा आणि काच यांच्या सीमेवर मात्र थोडा प्रकाश परततो, सरळ पडला तर ४ टक्क्यांच्या आसपास. स्वच्छ तुटलेल्या टोकावर तुमच्या ओटीडीआरच्या आलेखात जो उंच सुळका येतो, तो हाच. टोक वेडंवाकडं चिरडलं असेल तर सुळका दिसत नाही, आलेख नुसता खाली कोसळतो. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, एक पुरवणी. मीटरमधला १.४६८ म्हणजे पुतणीच्या पुस्तकातला अपवर्तनांक नव्हे. १५५० नॅनोमीटरला या काचेचा साधा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असतो आणि तो लाटेच्या शिखरांचा वेग सांगतो. पल्स अनेक जवळजवळच्या तरंगलांब्यांचा बनलेला असतो, त्या प्रत्येकीचा वेग किंचित वेगळा, त्यामुळे अख्खा पल्स शिखरांहून थोडा हळू सरकतो. अंतर मोजायला पल्सचाच वेग लागतो. लेने हाऊ यांच्या गटाने १९९९ मध्ये अतिथंड सोडियममध्ये प्रकाश १७ मीटर प्रति सेकंदावर आणला, तोही पल्सचाच वेग होता.

धागाकर्ता

वा, आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. आता क्षेत्रांचं सांगा.

प्रतिसाद १

पदार्थात असताना क्षेत्राचा परिणाम होतो, पण तुमच्या कामाला जाणवणार नाही इतका. १८४५ मध्ये फॅरेडेने काचेवर चुंबकीय क्षेत्र लावलं आणि प्रकाशाचं ध्रुवण (त्याचं विद्युतक्षेत्र ज्या दिशेत हलतं ती दिशा) फिरलं. डावीकडे आणि उजवीकडे फिरणाऱ्या ध्रुवणांचे वेग किंचित वेगळे होतात, म्हणून. १८७५ मध्ये केर याने विद्युतक्षेत्राने काचेचा अपवर्तनांक बदलून दाखवला. लिथियम नायोबेटच्या स्फटिकात तर साध्या व्होल्टेजने तो पुरेसा बदलतो. लांब पल्ल्याच्या लिंकवर लेसरवर डेटा चढवणारे मॉड्युलेटर याच स्फटिकाचे असतात. तुमच्या उपकरणांच्या कपाटातही एखादा निघेल.

गुरुत्वाचा मामला वेगळा आहे. सूर्याजवळून जाणाऱ्या रडारच्या लहरी परत यायला सुमारे २०० मायक्रोसेकंद जास्त घेतील, असं १९६४ मध्ये शपिरो यांनी मांडलं आणि पुढे शुक्र व बुधावर रडार रोखून ते पडताळलं गेलं. पण तिथेही जागेवर मोजणाऱ्याला निर्वातातला वेग तोच मिळतो.

धागाकर्ता

पुतणीला आजच सांगतो. शेवटचं: उन्हाळ्यात केबल तापते, त्याने आयओआर बदलतो का?

प्रतिसाद २

बदलतो, पण ३० अंशांच्या फरकाला १० किलोमीटरमागे दोनेक मीटर. त्यापेक्षा जास्त गोंधळ जॉइंट बॉक्समध्ये गुंडाळून ठेवलेली फायबर आणि केबलच्या आत पीळ घालून बसवलेली जादा लांबी करतात. खोदण्याआधी तुटीच्या सगळ्यात जवळच्या माहितीतल्या जॉइंटपासूनचं अंतर काढा, एक्स्चेंजपासूनचं नको.