मदत हवी आहे: पांढऱ्या तुरीत लाल दाणे, निवडूनही परत येतात

काळीढेकूळ:
परतूर तालुका, भारी काळी जमीन. तूर बीडीएन-७११ (पांढऱ्या दाण्याचं वाण), घरचंच बियाणं, यंदा तिसरं वर्ष. बांधापलीकडे बीएसएमआर-७३६, लाल दाण्याची. पेरणीआधी लाल दाणे हातानं निवडून काढले होते, तरी राशीत लाल आलेच. सगळी तूर वाळली तरी काही झाडं हिरवीगार उभी. खोलगट पट्ट्यात मर (बुरशीनं झाड वाळून मरण्याचा रोग) पण आहे. बियाणं बदलू की हेच शुद्ध करता येईल?

अर्धशेंग:
भाऊ, निवडून उपयोग नाही. दाण्याचं टरफल मायझाडाचं असतं. तुरीचं फूल बरंचसं कळीतच स्वतःच्या परागानं फळतं, पण आग्या मोहोळाच्या आणि पानं कातरणाऱ्या माश्या पराग इकडचा तिकडे नेतात. ७११ च्या फुलावर ७३६ चा पराग पडला की आतला गर्भ संकरित, वरून दाणा मात्र पांढराच. तो पेरला की त्या झाडाचे सगळे दाणे लाल, कारण लाल रंग पांढऱ्यावर प्रभावी. म्हणजे तुम्ही काढलेत ते आधीच्या हंगामातल्या संकराचे. नवे पांढऱ्यातच लपून बसलेत.

हिरव्या झाडांना फुलं-शेंगा आहेत का बघा. ७११ साधारण १५०-१५५ दिवसांची, ७३६ पावणेसहा-सहा महिन्यांची. उशिरा शेंगा धरणारं झाड भेसळीचं. फूलच नाही, पानं बारीक आणि फिक्या-गडद चट्ट्यांची, तर तो वांझ रोग. तो रोग कोळी नावाची बारीक कीड पसरवते.

काळीढेकूळ:
दोन्ही प्रकारची आहेत.

खुरपं_हाती:
मग ही रास डाळीला घाला, बियाण्याला नको. ७११ बदनापूरच्या संशोधन केंद्राचंच वाण. पायाभूत बियाणं (पुढचं बियाणं वाढवायला दिलं जाणारं शुद्ध बियाणं) दोन किलो आणा आणि तिथून पुढं स्वतः जपा.

कळी दिसू लागली की सारखी, निरोगी ४०-५० झाडं निवडा. प्रत्येकाच्या दोन फांद्यांवरची उमललेली फुलं आणि धरलेल्या शेंगा आधी खुडा (हेच हमखास राहून जातं), फक्त बंद कळ्या ठेवा. घाटेअळीची अंडी-अळ्या नीट बघून मग मलमलची पिशवी चढवा. आत एक अळी राहिली तरी पिशवीभर शेंगा गेल्या. तोंडाशी फांदीला कापूस गुंडाळून सुतळी बांधा. शेंगा धरल्यावर पिशवी काढून रंगीत दोरा बांधा, म्हणजे काढणीत घोळ होत नाही. एका झाडाचं बी एका पुडीत, पुढच्या वर्षी एका पुडीची एक ओळ. ज्या ओळीत उंची, फुलोऱ्याचा दिवस किंवा दाण्याचा रंग झाडागणिक वेगळा निघाला, ती अख्खी बाद. दाणा दिसेस्तोवर पराग पसरलेला असतो, म्हणून या ओळींवरही पिशव्या हव्यातच. नंतर बियाणं वाढवताना दुसऱ्या तुरीपासून किमान १०० मीटर अंतर.

अर्धशेंग:
मरीतून वाचलेलं झाड लगेच प्रतिकारक धरू नका, तिथं बुरशी कमी असेल. पुड्यांचं थोडं थोडं बी त्याच खोलगट पट्ट्यात लावा, दर चार ओळींमागे मरीला बळी पडणारं वाण एक ओळ. ते मेलं नाही तर चाचणीच झाली नाही. आणि मेलेलं खोड उभं चिरा: आत तपकिरी-काळी रेघ असेल तर मर, नसेल तर आधी साचलेल्या पाण्याचा निचरा बघा.

काळीढेकूळ:
डीएनए तपासून लवकर कळेल का?

अर्धशेंग:
कळतं, रोपाच्या पानावरूनच. तुरीचा जनुकीय आराखडा इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकारानं २०११ साली 'आशा' वाणावरून मांडला गेलाय, त्यावरून वाण ओळखायच्या डीएनएतल्या खुणा मिळतात. पण ४०-५० झाडांच्या घरच्या बियाण्याला तो खर्च कशाला? पुडी आणि ओळ पुरे.