‘मुलं’ की ‘मुलगे’? अमेरिकेतल्या एका आयोगाचं मराठी नाव

टाकबोरू:
दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतोय, त्यात अडकलोय. १४ ऑगस्ट २०२० ला अमेरिकेत एका कायद्यावर सही झाली आणि तिथल्या नागरी हक्क आयोगाच्या छत्राखाली १९ सदस्यांचा एक नवा आयोग उभा राहिला. नाव ‘कमिशन ऑन द सोशल स्टेटस ऑफ ब्लॅक मेन अँड बॉइज’. शिक्षण, नोकऱ्या, आरोग्य, तुरुंग, पोलिसांशी येणारा संबंध अशा सगळ्या बाबतींत कृष्णवर्णीय पुरुषांच्या वाट्याला काय येतं ते तपासायचं आणि दरवर्षी अहवाल द्यायचा, हे त्याचं काम. फ्लोरिडाच्या डेमोक्रॅट खासदार फ्रेडरिका विल्सन आणि त्याच राज्यातले तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर मार्को रुबिओ यांनी तो रेटला. सही ट्रम्प यांची.
संपादकांना हवंय ‘कृष्णवर्णीय पुरुष व मुलांच्या सामाजिक स्थितीविषयक आयोग’. मला ‘मुलांच्या’ खटकतंय. ‘मुलग्यांच्या’ लिहिलं तर ते म्हणतात, असं कोण बोलतं? जाणकारांनी निवाडा करावा.

मास्तरीण:
तुमचं खटकणं रास्त आहे. ‘मूल’चं अनेकवचन मुलं, ‘मुलगा’चं मुलगे. पण बोलताना आपण मुलग्यांनाही सर्रास मुलंच म्हणतो, आणि विभक्ती लागली की ‘मुलांच्या’ हे रूप दोन्हीकडे चालतं. ‘मुलांचे वसतिगृह’ या पाटीने कुणाचा गोंधळ होत नाही, कारण पलीकडच्या इमारतीवर ‘मुलींचे वसतिगृह’ लिहिलेलं असतं. इथे ‘मुलां’च्या शेजारी ‘पुरुष’ बसलाय. कानाला ते ‘बाप्ये आणि लेकरं’ असंच ऐकू येतं.
‘मुलग्यांच्या’ अवघडलेलं वाटतं हेही खरं. त्यावर जुना उपाय आहे: ‘कृष्णवर्णीय पुरुष व मुलगे यांच्या सामाजिक स्थितीविषयीचा आयोग’. ‘यांच्या’ घातलं की रूप मोडावं लागत नाही. जरा सरकारी वाटतं, पण आयोगाचंच नाव आहे, वाटू दे.

पानसुपारी:
एवढा कीस कशाला? मजकूर वाचला की कळेलच ना कोणाबद्दल आहे ते.

शिकागोकर:
नाही कळणार, पानसुपारी. तिथला मोठा वादच या एका शब्दावर उभा आहे.
थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डला ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा गोळी लागून मेला. वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या एका स्वयंसेवकाने ती झाडली होती. २०१३ च्या जुलैत तो स्वयंसेवक निर्दोष सुटला, आणि ओबामा बोलून गेले की पस्तीस वर्षांपूर्वी ट्रेव्हॉनच्या जागी मी असू शकलो असतो. पुढे २७ फेब्रुवारी २०१४ ला त्यांनी ‘माय ब्रदर्स कीपर’ हा उपक्रम जाहीर केला. कृष्णवर्णीय आणि इतर वंचित समाजांतल्या मुलग्यांसाठी. पैसा मुख्यतः खाजगी प्रतिष्ठानांचा, सुरुवातीलाच पाच वर्षांत २० कोटी डॉलर उभे करायचं ठरलं होतं. पोर शाळेत जाताना तयारीनिशी जावं, तिसरीपर्यंत नीट वाचता यावं, शाळा पुरी व्हावी, पुढचं शिक्षण, नोकरी, आणि वाट चुकलेल्याला दुसरी संधी, असे टप्पे.
आणि लगेच हरकत आली. त्याच उन्हाळ्यात हजाराहून जास्त स्त्रियांनी पत्र काढलं. कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ली क्रेनशॉ यांनी उघड विचारलं, याच घरांतल्या, याच वस्त्यांतल्या, याच शाळांतल्या मुली कुठे आहेत? व्हाइट हाउसचं म्हणणं होतं, स्त्रिया आणि मुलींसाठी आम्ही २००९ पासून वेगळी परिषद चालवतो. क्रेनशॉंना ते पटलं नाही. मला विचाराल तर त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. ती परिषद सगळ्याच स्त्रियांसाठी होती, गरीब कृष्णवर्णीय मुलीच्या वाट्याला त्यातलं काय येणार?
आता तुम्ही ‘मुलांसाठीचा उपक्रम’ लिहिलंत, तर मराठी वाचक म्हणेल की मुली त्यात आल्याच की, या बाई कशावर चिडल्यात?

पानसुपारी:
हं. पटलं. मग ‘पोरगे’ का नको? कानाला गोड आहे.

आडवाटे:
‘पोर’ हा शब्दच इथे सांभाळून वापरावा. अमेरिकेच्या दक्षिणेत साठ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरा पोरगेलासा इसम ‘बॉय’ म्हणायचा. आपल्याकडे हॉटेलात टेबल पुसणाऱ्या मिशीवाल्या गड्याला ‘ए पोऱ्या’ म्हणतात, तसंच, पण तिथे त्यामागे कायदा आणि बंदूक होती. १९६८ साली मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संप केला तेव्हा प्रत्येकाच्या हातातल्या फलकावर एकच वाक्य होतं: मी माणूस आहे. त्यातला ‘मॅन’ म्हणजे माणूसही आणि बाप्याही. म्हणून ‘मेन अँड बॉइज’ हे दोन्ही शब्द वेगवेगळे ठेवण्याला तिथे वजन आहे. मोठ्याला मोठा म्हणा, लहानाला लहान.

टाकबोरू:
शिकागोकर, तुमच्या गावातल्या ‘बिकमिंग अ मॅन’चाही लेखात उल्लेख आहे. त्याचं काय करू? ‘मर्द बनताना’ लिहिलं तर कुस्तीच्या आखाड्याची जाहिरात वाटते.

शिकागोकर:
‘मर्द’ तर अजिबात नको, तिथे बरोब्बर उलटं शिकवतात. शाळेतल्या मुलग्यांचा गट, आठवड्यातून एक तास. पहिल्या दिवसांतला एक खेळ सांगतो, म्हणजे तुम्हीच शब्द ठरवा. दोघादोघांच्या जोड्या करतात. एकाच्या हातात चेंडू. दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत तो चेंडू मिळव. मग काय, मनगट पिरगाळणं, बोटं उपसणं, लोळवालोळवी. अदलाबदल करून पुन्हा तेच. मग शिक्षक विचारतो, नुसता मागून का नाही पाहिला? पोरं म्हणतात, मागितला असता तर तो मला लेचापेचा समजला असता. त्यावर समोरच्याला विचारतात, मागितला असता तर? तो खांदे उडवतो, दिला असता की, चेंडूच तर आहे.
शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलग्यांवर हे तपासलं. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका साधारण निम्म्यावर आल्या. ओबामांच्या उपक्रमाला ज्या कामांवरून हुरूप आला त्यांतलं हे एक.

मास्तरीण:
‘जाणता होताना’. आपल्याकडे ‘मुलगा जाणता झाला’ म्हणतात, त्यात वय आणि समज दोन्ही आलं.

टाकबोरू:
उचललं! आता ‘ब्रदर्स कीपर’. भावाचा रक्षक?

आडवाटे:
रक्षक म्हटलं की सोसायटीच्या फाटकावरचा खुर्ची टाकून बसलेला माणूस दिसतो. हा शब्द बायबलमधला आहे. काइन भावाला मारतो, देव विचारतो हाबेल कुठाय, आणि हा उलट विचारतो, मी काय भावाचा राखणदार आहे? मराठी बायबलात ‘राखणदार’च आहे. तोच ठेवा.

पानसुपारी:
राखणदार झकास! आमच्या कोकणात राखणदार म्हणजे गावाच्या वेशीवरचा. रात्री घुंगुरकाठी वाजवत फिरतो, चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो. वर्षाला त्याची राखण द्यावी लागते, नाही दिली तर बघून घेतो. मला ‘पाठीराखा’ही सुचला होता. पण पाठीराखा नुसता चांगलाच असतो, त्याला कोणी जाब विचारत नाही.

मास्तरीण:
शाब्बास. शेवटचं वाक्य नेमकं आहे. ‘राखणदार’ ठेवा.
एक राहिलंच, ‘सोशल स्टेटस’. काही जण ‘सामाजिक दर्जा’ लिहितात, ते टाळा. दर्जा माणसाला चिकटतो, स्थिती भोवतालाला. आणि लेखात कुठे ‘उद्धार’ असेल तर आधी खोडा. मराठीत हल्ली सात पिढ्यांचाच उद्धार होतो.

आडवाटे:
हा फरक तिथे फार जुना आहे. १९६५ साली श्रममंत्रालयातल्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांवर अहवाल लिहिला. बेकारी, शतकांची गुलामी, सगळं त्यात होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो ‘विकृतीचा गुंता’ हा एक शब्दप्रयोग. झालं, चर्चा नोकऱ्यांवरून उडाली आणि घरात बाप आहे का, आई कशी आहे, यावर जाऊन बसली ती बसलीच. (हेच मॉयनिहन पुढे १९७३ ते ७५ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते.) ओबामांवरही तोच आरोप झाला, की पोरांना शहाणपण शिकवता, मग शाळा, पोलीस आणि कोर्टं कोण सुधारणार? २०२० च्या कायद्याच्या निदान नावात तरी ‘स्थिती’ आहे.

टाकबोरू:
संपादकांना हा सगळा धागाच पाठवला. उत्तर आलं: ‘मुलगे यांच्या’ मंजूर, ‘राखणदार’ मंजूर, ‘जाणता होताना’ मंजूर. पण शीर्षक दोन ओळींत बसत नाही, ‘विषयीचा’ काढता येईल का?

मास्तरीण:
‘सामाजिक स्थिती आयोग’ करा. ‘मुलगे’ला मात्र हात लावू देऊ नका.