वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं: किंमत किती आणि हिरवे ठिपके कसे काढू?

सुरंगी (मालवण): मासळीबाजारात सुट्ट्या पैशांत पाचाचं पिवळं नाणं आलं. मागे वैष्णोदेवी, सन 2012. व्हॉट्सॲपवर याचे लाखो रुपये सांगतायत, खरं का? मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं, आता कडेला हिरवट, चिकट ठिपके आलेत. कोकमाचं आगळ लावून घासू?

टांकसाळ: आगळ अजिबात नको! हे निकेल-ब्रास आहे: 75 टक्के तांबं, 20 जस्त, 5 निकेल. आंबट लागलं की जस्त आधी निघतं, तांबं मागे राहतं आणि नाणं गुलाबट पडतं. चिंच, लिंबू, पितांबरी, सगळ्याची तीच गत. समई घासावी, नाणं नाही.

लाखांचं विसरा. ही नाणी चलनासाठीच भरपूर पाडली होती. हाताळलेल्याचे पाचच रुपये, अगदी कोरं असेल तर हौशी माणूस थोडे जास्त देईल. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी 'कमिशन' मागितलं तर ती फसवणूक, बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये तसं बजावलंय.

ओळख पटवायची तर सोनाराच्या काट्यावर 6 ग्रॅम, व्यास 23 मिमी, लोहचुंबकाला चिकटू नये. सनाखालची खूण बघा: हिरा म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

खाडीकाठ: चिकट हिरवं म्हणजे पाकिटाचा प्रताप. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधून आम्ल सुटतं, ते तांब्याला लागतं. आपल्याकडच्या दमट हवेत तर लवकरच. पाकीट फेकून द्या. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन, नाणं बुडेल इतकं, 10-15 मिनिटं. खिडकी उघडी, जवळ गॅस-उदबत्ती नको. घासू नका, दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुचकळा, सुती कापडाने टिपा.

सुरंगी: नेलपॉलिश रिमूव्हर चालेल?

खाडीकाठ: नाही, त्यात रंग, वास, तेल असतं, त्याचा थर बसतो. आणि ठिपके कोरडे, कळकलेल्या पितळेसारखे असतील तर ते खाऱ्या हवेचे, ॲसिटोनने जाणार नाहीत. अशा वेळी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. विहिरीचं नको, किनाऱ्यालगत त्यात क्षार असतात. मग बांबूच्या काडीने हलकेच सुटतंय का बघा. खाली खड्डा पडला असेल तर तो राहणारच.

ठेवताना मायलरची (पारदर्शक, पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) खिडकी असलेला पुठ्ठ्याचा होल्डर, तो हवाबंद डब्यात, सोबत निळ्या सिलिका जेलची पुडी. दाणे गुलाबी झाले की वाळवायचे. पावसाळ्यात पुडीवर लक्ष ठेवा. नाणं कडेनेच धरा.

सुरंगी: आणि छाप उलटा असलेली नाणी महाग असतात म्हणे?

टांकसाळ: सिंह सरळ दिसतील असं वर-खाली दोन बोटांत धरा आणि दाराच्या पानासारखं फिरवा. आपल्या नाण्यांत मागची बाजूही सरळच यायला हवी. तिरकी किंवा उलटी आली तर टांकसाळीची चूक, त्याला गिऱ्हाईक मिळतं.

सुरंगी: सरळच आली.

टांकसाळ: मग पाच रुपये.