मदत हवी आहे: पीईआय-डीएनए कणांचा आकार मशीनपर्यंत जाईतो चौपट होतोय

नमस्कार. मी मुंबईत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. २५ किलोडाल्टनचं ब्रँच्ड पीईआय (पॉलिएथिलिनइमाइन, धन प्रभाराचा पॉलिमर) आणि जीएफपीचं, म्हणजे पेशीला हिरवं चमकवणाऱ्या प्रथिनाचं, प्लाझ्मिड (गोलाकार डीएनए) मिसळून पॉलिप्लेक्स, म्हणजे दोघांचे एकत्र कण, बनवते. विषाणू न वापरता पेशीत जीन पोचवायचा, हा प्रकल्प.

जेल छान आलं. एन/पी (पीईआयचे नायट्रोजन आणि डीएनएचे फॉस्फेट यांचं गुणोत्तर) ३ पासून पुढे डीएनए जेलच्या वेलमधून (खाचेतून) हलतच नाही. (पीईआयच्या एका नायट्रोजनमागे ४३ डाल्टन, डीएनएच्या एका फॉस्फेटमागे ३३० धरून हिशेब केलाय.) अडलंय ते आकारापाशी. डीएलएसचं (प्रकाश विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं) मशीन आमच्याकडे नाही. १५० मिलीमोलर सलाइनमध्ये मिसळायचं आणि आइसबॉक्स मांडीवर घेऊन लोकलने दुसऱ्या संस्थेत जायचं. नंबर लागेपर्यंत दोन तास जातात. एन/पी १० ला तिथे ६५० नॅनोमीटर आले. एकदा तिथेच बसून मिसळलं, तर दहा मिनिटांत १६०! झीटा (कणांवरच्या प्रभाराचं माप) मोजताना सेलचे सोनेरी इलेक्ट्रोड काळे पडले, ते वेगळंच. आणि पेशी मात्र ६५०वाल्या कणांनीच जास्त हिरव्या होतात. थिसिसमध्ये कुठला आकडा लिहू? महिनाभर याच्यातच अडकलेय, खूप काळजी वाटते.

प्रतिसाद:
लोकलचा दोष नाही, मिठाचा आहे. कणांवरच्या धन प्रभारामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. सलाइनमधले आयन तो प्रभार झाकतात, मग कण चिकटत जातात. इलेक्ट्रोडही मिठानेच काळवंडले. ५ टक्के ग्लुकोज आणि १० मिलीमोलर हेपीस (पीएच स्थिर ठेवणारं बफर), पीएच ७.४, यात करून बघा. डीएनए आणि पॉलिमर वेगवेगळ्या ट्यूबमध्ये न्या, तिथे समान आकारमानात मिसळा आणि १०, ३०, ६०, १२० मिनिटांना मोजा. थिसिसमध्ये एक आकडा नको, वेळेचा आलेख द्या, माध्यम लिहून.

हिरव्या पेशींवरून कण चांगले ठरवू नका. मोठे गोळे डिशच्या तळाशी, थेट पेशींवर बसतात, म्हणून जीएफपी जास्त दिसतो. रक्तात तसं होणार नाही. शिवाय एन/पी १० ला बरंचसं पीईआय मोकळंच असतं आणि पेशींना तेच मारतं, तेव्हा नुसत्या पीईआयचा कंट्रोल हवाच. जेलने डीएनए बांधला गेला एवढंच कळतं. सुटतो का, ते हेपरिन (ऋण प्रभाराचा रेणू, पीईआयला धरून डीएनए सोडवतो) वाढवत नेऊन बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. हेपीस आहे, ग्लुकोज उद्या ऑटोक्लेव्ह न करता ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळते. गुरुवारी मशीनचा नंबर आहे, चारही वेळांचे आकडे इथेच टाकते.