टी-९० ला एसी लावला की झाला 'भीष्म'?

भुईकोट: कालच्या चर्चेत तोंडपाटलांनी ठोकून दिलं, "रशियन टी-९० रणगाड्याला एसी लावा, आपला रेडिओ बसवा, झाला आपला 'भीष्म' (टी-९० चं भारतीय नाव). स्वदेशी अर्जुन रणगाड्याचे लाड कशाला?" इतकं सोपं असतं तर २००१ च्या ३१० रणगाड्यांच्या करारानंतर राजस्थानच्या उन्हात त्यातल्या उष्णता टिपणाऱ्या फ्रेंच थर्मल कॅमेऱ्यांनी माना टाकल्या नसत्या.

एसीचंच बघा. तीन माणसं आणि ४३ गोळे कोंबल्यावर आत जागा उरत नाही. युनिट बाहेर टांगलं तर छर्‍यांनी पाइप फुटतो. बॅटरीवर कॉम्प्रेसर फार वेळ ओढत नाही, म्हणजे दबा धरून बसलेल्या रणगाड्याचं १००० अश्वशक्तीचं इंजिन चालू ठेवा. डिझेल जातं, आवाज होतो आणि शत्रूच्या थर्मलमध्ये तुमची दिवाळी दिसते. मग वेगळा जनरेटर. त्याला पुन्हा जागा, हवा, धुळीचा फिल्टर. याला 'लावा' म्हणतात होय?

तोंडपाटील: आलं अर्जुनप्रेम! टी-९० साडेशेहेचाळीस टनांचा, पंजाबातल्या कालव्यांवरून पार होतो. तुमचा अर्जुन मार्क-१ए ६८ टन, वर इंजिन जर्मन. स्वदेशीचा टेंभा मिरवू नका. आपला जुना विजयंता रणगाडा तरी कुणाचा होता? ब्रिटिश विकर्स कंपनीचं डिझाइन, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात काढला आणि वर्षानुवर्षं चालवला.

भुईकोट: नाव काढलंतच तर ऐका. त्यात लेलँड एल-६० इंजिन होतं, एकेका सिलिंडरात समोरासमोर दोन पिस्टन. लायनरची सीलं गळायची, पाणी जायचं, इंजिन तापायचं. ब्रिटिशांचा चीफ्टन रणगाडा त्याच इंजिनापायी रडला. परवान्याबरोबर दुखणंही येतं.

घिसाडी: दोघेही भरकटलात. रणगाडा म्हणजे तोफेची नळी. अर्जुनची १२० मिमी रायफल्ड, म्हणजे आत पीळदार खाचा; टी-७२ आणि टी-९० या रशियन रणगाड्यांची १२५ मिमी गुळगुळीत. चिलखत भेदणाऱ्या, बाणासारख्या पंखवाल्या सॅबो गोळ्याला गिरकी नको असते, म्हणून रायफल्ड नळीत त्यावर घसरती कडी लागते. कडी अडली तर गोळा गरगरतो, सैल पडली तर वायू पुढे निसटतो. एवढा उपद्व्याप मुख्यतः हेश गोळ्यासाठी, म्हणजे चिलखताला चिकटून फुटणाऱ्या! शिवाय दोन व्यास, दोन पुरवठा साखळ्या.

तोंडपाटील: बरोब्बर!

घिसाडी: लगेच नाचू नका. टी-९० च्या ऑटोलोडरच्या, म्हणजे आपोआप गोळा भरणाऱ्या यंत्राच्या, चकतीत २२ गोळे. चकतीत मावेल तेवढाच बाण लांब करता येतो, आणि आखूड बाण जाड चिलखत भेदत नाही. म्हणजे पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेने काहीही ठरवलं तरी मोजपट्टी रशियाची. नवा गोळा बनवलात तरी नेम काढणाऱ्या बॅलिस्टिक संगणकात त्याचा तक्ता भरावा लागतो: सुटतानाचा वेग, हवेचा रोध, गोळा ढकलणाऱ्या दारूचं तापमान. तापलेली दारू जास्त दाब देते, गोळा वर लागतो. तो तक्ता बदलायची किल्ली परक्याच्या खिशात असेल तर स्वतःचा गोळा असून नसल्यासारखा.

भुईकोट: हेच तर मी म्हणतोय.

घिसाडी: तुम्ही एसीवर बोलत होतात.

तोंडपाटील: बरं, तक्त्याचं मान्य, महाराज. पण मार्च २०२५ मध्ये टी-७२ साठी ७८० च्या जागी १००० अश्वशक्तीची इंजिनं रशियाकडूनच घ्यायचं ठरलं ना? सैन्याला गाडी आज लागते, तुमचं संशोधन संपल्यावर नाही.

भुईकोट: घ्या की. नुसतं इंजिन बदलून गियर बदलत नाहीत. टी-७२ चा रिव्हर्स आजही ताशी जेमतेम ४ किमी. माघार घ्यायची तर गाडी वळवून पातळ पाठ शत्रूकडे करा, नाहीतर चालत्या माणसाच्या वेगाने मागे सरका. त्याला कुठला एसी लावताय?