मदत हवी आहे: ओट्सचा ब्रेड मधोमध कच्चा राहतोय, रविवारच्या आत सुटायला हवं

अबोली_फोंडा (गुरुवार, सकाळी १०:४०)

तीन वेळा केला, तिन्ही वेळा तेच. ओव्हनमध्ये जाईपर्यंत ब्रेड टम्म फुगलेला असतो, मग मधोमध खाली बसतो. कापला की खालचा दोन बोटं थर खळीसारखा, सुरीला चिकटणारा. वरून रंग मात्र छान येतो. काल पंधरा मिनिटं जास्त ठेवून बघितला तर कड करपली आणि मधलं तसंच राहिलं.

रविवारी आतेला ८० वर्षं पूर्ण होतात. तिची चाळीस वर्षं कॅनडात गेली, हॅलिफॅक्सला नर्स होती. आता आमच्याकडे गोव्यात म्हार्दोळला असते. कधी काही मागत नाही, पण यंदा तिने तिकडचा तो तपकिरी ओट्सचा ब्रेड मागितलाय. कृती तिच्याच वहीतली आहे, म्हणजे कृतीत चूक नाही. माझं कुठे चुकतंय ते सांगा. विकत आणा किंवा व्हिडिओ बघा असं कृपया सांगू नका, दोन्ही करून झालंय.

निळी_छत्री (१०:५२)

यीस्ट गेलेलं आहे. जुलैत डबा एकदा उघडला की आठवडाभरात दमट होतो. कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं थांबा. फेस आला नाही तर फेकून द्या. माझे दोन ब्रेड असेच वाया गेले आहेत.

अबोली_फोंडा (१०:५८)

फुगतो असं वर लिहिलंय. फुगतो, नंतर बसतो.

पिठाचा_डबा (११:२०)

मडगावात घरून ऑर्डरचे ब्रेड करते, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. पण तुम्ही कृतीच लिहिलेली नाही, सांगणार कशावरून? ओट्स जाड पोह्यांसारखे की झटपट शिजणारे? भिजवून घालता की कोरडे? पीठ कुठलं, किती, पाणी किती? किती वेळ फुगवता? ओव्हन कोणता, आणि ब्रेड बाहेर काढल्यावर किती वेळाने कापता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नक्की द्या.

माटोळी (११:३१)

ताई, रागावू नका, पण ८० वर्षांच्या बाईला यीस्टचा ब्रेड कशाला? पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई आणा. कोंड्याची असते, पोटाला हलकी, आणि सकाळी दारात येते.

डिचोलीचा_वाटसरू (११:४४)

@माटोळी, कोंड्याची पोई आता कुठे राहिली? आमच्या दारात येते ती आतून पूर्ण मैद्याची असते, वर नुसता कोंडा भुरभुरलेला. माझे आजोबा पोई उघडून आत कोंडा दिसतो का ते बघायचे आणि मगच पैसे द्यायचे. चांगला पोदेर शोधावा लागतो. आमच्या गावातली लाकडाची भट्टी बंद झाली, मुलं बोटीवर गेली.

माटोळी (११:५०)

आमचा पोदेर अजून लाकडाची भट्टी पेटवतो. पहाटेचा पाव काढून झाल्यावर भट्टीची धग तासन्‌तास टिकते. पूर्वी लोक आपले साचे तिथेच नेऊन भाजून आणायचे. ताईंनीही विचारून बघावं. विजेच्या पेटीत तशी धग येत नाही.

अबोली_फोंडा (१२:०५)

आमच्याकडे सायकलवरून पाव येतो, भट्टी कुठे आहे ते मला ठाऊक नाही. शिवाय आतेला उंड्याचं (गोल पावाचं) कडक कवच चावत नाही. तिला मऊ ब्रेड हवाय, म्हणून तर तो आठवला तिला.

@पिठाचा_डबा: नेहमीचंच माप आहे. १ कप ओट्स, त्यावर दीड कप उकळतं पाणी. त्यात काकवी, लोणी, मीठ. अर्धा कप कोमट पाण्यात यीस्ट. ५ कप पीठ, मी मैदा घेते. वहीत दोन तास फुगवा, मग साच्यात घालून परत एक तास असं आहे. दोन साच्यांचं माप आहे, दोन्ही एकदम ठेवते. ओटीजी २८ लिटरचा. कापते लगेच, मुलं थांबत नाहीत.

जातं_आणि_मी (१२:३०)

मैदाच कशाला? संपूर्ण कणकेचा करा. मी पाच वर्षं घरात मैदा आणलेला नाही. कणकेत प्रथिनं मैद्यापेक्षा जास्त असतात, ब्रेड बसणार नाही.

पिठाचा_डबा (१२:४१)

@जातं_आणि_मी, प्रथिनं जास्त असली तरी कोंड्याचे कण ताणलेल्या पिठाला आतून कापतात. त्यात ओट्सना स्वतःचं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं गव्हातलं प्रथिन) नाही, म्हणजे सगळा भार उरलेल्या पिठावर. संपूर्ण कणीक आणि ओट्स एकत्र केलेत तर ब्रेड विटेसारखा होईल. चव चांगली लागेल, पण आतेंना चावणार नाही. चौथा हिस्सा कणीक घाला, त्याच्या पुढे जाऊ नका.

जातं_आणि_मी (१२:५५)

माझा होत नाही विटेसारखा. पाणी जास्त घालायचं, पीठ अर्धा तास नुसतं भिजत ठेवायचं, मग मळायचं. कोंडा मऊ पडतो.

पिठाचा_डबा (१:०२)

भिजवण्याचं पटलं, मीही तसंच करते. पण ज्या बाईंचा ब्रेड आधीच ओला राहतोय त्यांना पाणी वाढवा म्हणू नका.

अबोलीताई, कप कुठला ते सांगा. 'नेहमीचं माप' म्हणजे काय?

कोकमसार (१:१५)

ओट्समध्ये ग्लुटेन नसतं, त्यामुळे गहू न चालणाऱ्यांनाही हा ब्रेड चालेल. शिवाय ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतूने कोलेस्टेरॉल उतरतं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध खात्याने) १९९७ साली, त्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, हा दावा वेष्टनावर छापायला परवानगी दिली, दिवसाला ३ ग्रॅम लागतं. ८० व्या वर्षी उत्तम.

निळी_छत्री (१:२४)

@कोकमसार, वर ५ कप मैदा लिहिलाय, तो गव्हाचाच. सीलिॲकच्या (ग्लुटेन न सोसणाऱ्या) माणसाने हे वाचून ब्रेड खाल्ला तर त्रास होईल, कृपया प्रतिसाद दुरुस्त करा. नुसते ओट्ससुद्धा बहुतेक वेळा गव्हाच्याच यंत्रांवरून आलेले असतात. माझ्या भाचीला सीलिॲक आहे, आम्ही प्रत्येक पाकीट वाचून घेतो.

कोकमसार (१:४०)

बरोबर आहे तुमचं, गव्हाचं विधान मागे घेते. बीटा-ग्लुकनचं मात्र खरं आहे.

दर्यावर्दी (२:१०)

हॅलिफॅक्स वाचून थांबलो. बोटीवर असताना त्या बंदरात गेलो आहे. नोव्हा स्कोशिया या तिथल्या प्रांताचा हा ब्रेड घराघरातला, आणि त्यातली काकवी तिथली नव्हे. तिथून खारवलेला कॉड मासा वेस्ट इंडीजला जायचा आणि तिथून जहाजं साखर, रम आणि मोलॅसिस घेऊन परतायची. म्हणून थंडीच्या देशातल्या ब्रेडमध्ये उसाची काळी काकवी आली. त्याच समुद्रात न्यूफाउंडलंडजवळ पोर्तुगीजही कॉड धरायला यायचे, आणि आपल्याकडचा बाकल्याव म्हणजे तोच खारा कॉड. ब्रेड कसा करायचा ते मला येत नाही, पण आतेंना नमस्कार सांगा.

सुरंगी_पेडणे (२:३५)

बाय, यीस्ट टाकून दे आणि ताजी सूर (माडी) आण. आमच्या आईच्या वेळी पाव सुरेवरच फुगायचा, सान्नांसारखा. वास वेगळाच येतो. आणि काकवीऐवजी माडाचा गूळ घाल, काळा. त्याला आपल्या मातीची चव.

डिचोलीचा_वाटसरू (२:५०)

सूर आणायची कुठून? आमच्या भागात माडावर चढणारा एकही रेंदेर उरला नाही. आणि सकाळची सूर दुपारपर्यंत आंबते, रोज फुगवण वेगळी. रविवारच्या कार्यक्रमाला ती जोखीम नको. माडाच्या गुळाला मात्र माझं अनुमोदन.

पिठाचा_डबा (३:०५)

गुळाने चव बदलेल. आतेंना आठवते ती मोलॅसिसची चव, तिच्या जवळची आपल्याकडे काकवीच. बाकी ब्रेडमध्ये गूळ घाला, या ब्रेडमध्ये नको.

सुरंगी_पेडणे (३:१२)

तेही खरं. तिचं तोंड तिकडच्या चवीला लागलेलं.

अबोली_फोंडा (४:२०)

पिठाचा कप राइस कुकरबरोबर आलेला पारदर्शक. ओट्सही त्यानेच. पाणी काचेच्या मापाने, त्यावर रेघा आहेत. कप तो कपच ना?

पिठाचा_डबा (४:३३)

सापडलं. राइस कुकरचा कप १८० मिलीचा असतो. तुमच्या काचेच्या मापावरचा कप २४० चा असणार, वहीतला साधारण तेवढाच. म्हणजे पाणी पूर्ण ४८० ग्रॅम पडलं आणि पीठ पाऊणच. पाच कपांचं जवळपास ६२५ ग्रॅम व्हायला हवं होतं, तुमचं ४७० च्या आसपास झालं. ओट्सही कमी. एवढ्या पाण्याचा ब्रेड आत शिजणार कसा? मळताना हाताला चिकटत नव्हतं?

दुसरी गोष्ट वेळ. दोन तास हे हॅलिफॅक्सच्या थंड स्वयंपाकघराचं गणित आहे. आपल्याकडे आता ओट्यावर २८-३० अंश असतात, यीस्ट दुप्पट वेगाने धावतं. तुमचं पीठ ओव्हनमध्ये जायच्या आधीच दमलेलं असतं, आतली जाळी इतकी ताणलेली की उष्णता लागताच कोसळते. टम्म फुगलेला म्हणून तुम्हाला आनंद होतो, तिथेच तो गेलेला असतो. पहिल्यांदा ४५ मिनिटं ते एक तास, साच्यात अर्धा तास. घड्याळापेक्षा बोट बघा: हलकं दाबलं की खळगा सावकाश, अर्धवट भरून आला पाहिजे. भरलाच नाही तर उशीर झाला.

तिसरं, गरम ब्रेड कापू नका. ओट्स पाणी धरून ठेवतात. बाहेर काढल्यावरही आतला ओलावा सरकत असतो आणि स्टार्च घट्ट होत असतं. लगेच कापलात तर नीट भाजलेला ब्रेडही चिकटच दिसेल. दोन तास जाळीवर, शक्य असेल तर रात्रभर.

एका ९ बाय ५ इंची साच्याचं माझं माप देते, वजनानेच घ्या: जाड ओट्स ८०, त्यावर उकळतं पाणी २००, त्यातच काकवी ४५, लोणी २५, मीठ ८. लापशी पूर्ण गार होऊ द्या, बोट सुखाने राहिलं पाहिजे, नाहीतर यीस्ट मरेल. मग मैदा ३००, कणीक १००, कोमट पाणी १००, इन्स्टंट यीस्ट ५. सगळं ग्रॅममध्ये. पीठ थोडं चिकट लागेल, तरी दहा मिनिटं मळा, वरून मैदा शिंपडत बसू नका. १९० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, वर रंग आला की फॉइल झाका. आणि एकच साचा ठेवा. २८ लिटरमध्ये दोन साचे भिंतीला टेकतात, कडा करपतात आणि मध्ये उष्णता पोचत नाही.

अबोली_फोंडा (४:५०)

चिकटत होतं. पण वहीत पीठ सैल असतं असं लिहिलंय, म्हणून मला तेच बरोबर वाटलं. वजनकाटा शेजारी आहे. उद्या करून बघते.

निळी_छत्री (५:१५)

काटा मिळतोय तर ओव्हनचा थर्मामीटरही बघा. पावसात आमच्याकडे व्होल्टेज इतकं पडतं की चकती १९० दाखवते आणि आत १६० असतात. आत टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९३ ते ९६ अंश झाले की झालं.

अबोली_फोंडा (शुक्रवार, रात्री ९:३०)

बसला नाही! वर गोल राहिला. तळाशी एक पातळ ओली रेघ आहे, पण अर्ध्या तासात कापला, घरात सगळे उभेच होते. ४२ मिनिटं दिली. थर्मामीटर नाही.

पिठाचा_डबा (९:४२)

रेघ गरम कापल्याची असेल, पण ४८ मिनिटं द्या. साच्यातून काढून परत पाच मिनिटं नुसता जाळीवर ओव्हनमध्ये ठेवा, तळ कोरडा होतो. उद्या संध्याकाळी भाजा, रात्रभर झाकून राहू दे आणि रविवारी सकाळी कापा. फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय झाकू नका. या हवेत वाफ आत कोंडली की दोन दिवसांत बुरशी. उरला तर फ्रिजमध्ये नको, शिळा लागतो. काप करून फ्रीजरमध्ये.

माटोळी (९:५५)

आणि ताई, फोटो टाका. मी पोदेराचीच बाजू घेईन, पण बघायचंय.

अबोली_फोंडा (रविवार, दुपारी २:१०)

आज सकाळी आठला कापला. आत सगळीकडे सारखा, मऊ, बोट लावलं की परत वर येतो. आतेने पहिला काप नाकाशी धरला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, हॉस्पिटलमधून रात्रपाळी करून घरी यायची तेव्हा घरमालकीण असाच ब्रेड झाकून ठेवायची. हे तिने आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं.

तिकडे शनिवारी रात्री हा बीन्सबरोबर खातात म्हणे. आम्ही अळसांद्यांचं तोणाक (चवळीची उसळ) केलं होतं, त्याच्याबरोबर दोन काप खाल्ले तिने. कवच काढून टाकलं नाही. @दर्यावर्दी, तुमचा नमस्कार सांगितला. तुम्ही बंदरात कुठल्या साली होता ते विचारतेय.

@पिठाचा_डबा, आतेच्या वहीत दोन तासांच्या खाली '४५ मिनिटं, म्हार्दोळ' असं लिहून ठेवलंय. फोटो संध्याकाळी टाकते.

जातं_आणि_मी (२:२५)

अभिनंदन. पुढच्या वेळी कणीक २०० करून बघा.

सुरंगी_पेडणे (२:४०)

बाय, काकवी कुठून आणलीस? आमच्या पेडण्याला मिळत नाही.

अबोली_फोंडा (२:४८)

भाऊ कोल्हापूरला असतो, दिवाळीला बाटली देतो. अजून अर्धी आहे.